आंधळी कुठे निघाली

श्रीपत उतेकरचं अक्षर चांगलं होतं, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. अक्षर वाईट असतं तर महाडच्या कॉलेजात झाडलोट करत, चहा आणत तो सुखाने निवृत्त झाला असता. पण प्राणिशास्त्राच्या अनुपमा मॅडमनी एकदा त्याला बरणीची चिठ्ठी लिहायला बसवलं, आणि त्या दिवसापासून प्रयोगशाळेतल्या प्रत्येक माशाचा दाखला श्रीपतच्या हातचा झाला.

मॅडमचं काम मिशीवाल्या माशांवर होतं. खवले नाहीत, तोंडाशी मिशा, असे गोड्या पाण्यातले मासे. त्यातही जे घाटाच्या पायथ्याच्या पऱ्यांत, म्हणजे वाहत्या ओढ्यांत, छातीने दगडाला चिकटून राहतात, ज्यांना श्रीपतच्या गावाकडे फत्तरचाटे म्हणतात, त्यांच्यावर त्यांचा विशेष जीव. पुस्तकात या सगळ्यांना मिळून एकच नाव होतं. मॅडमचं म्हणणं, हे एक नाहीत, निदान तीन आहेत, आणि छातीवरच्या सुरकुत्यांची घडी पाहिली की वेगळे ओळखू येतात. एक की तीन, एवढ्यावर शहाण्या बाईने अकरा वर्षं घालवावीत याचं श्रीपतला आधी हसू यायचं. पुढे मासा उताणा धरून तो स्वतःच सांगायला लागला की हा वरच्या पऱ्याचा, हा सावित्रीच्या मुख्य धारेचा. मासे आणायचाही तोच. सुटीला गावी गेला की येताना पिशवीत दोन-चार बाटल्या असायच्याच.

चिठ्ठीचे नियम मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. जाड कागद, पेन्सिल, आणि चिठ्ठी बरणीच्या आत, माशाशेजारी. कुठे मिळाला, कधी मिळाला, कोणी धरला. नाव मागाहून ठरतं, चुकलं तर बदलता येतं, पण ठिकाण चुकलं तर तो मासा मातीमोल. आणि एकदा आत गेलेली चिठ्ठी फाडायची नाही. चूक झाली असेल तर दुसरी लिहून पहिलीच्या शेजारी टाकायची, म्हणजे मागून येणाऱ्याला चूकही दिसली पाहिजे. श्रीपतला हा नियम फार आवडला होता. माणसांच्या कागदपत्रांना तो लागू नाही याचं त्याला वाईटही वाटायचं.

एकवीस सालच्या पुरात प्रयोगशाळेत छातीएवढं पाणी होतं. पाणी उतरल्यावर चिखलात बरण्या कुठे, झाकणं कुठे. श्रीपतचं स्वतःचं भाड्याचं घर धुऊन निघालं होतं, तरी तो आठ दिवस त्या घाणीत बसून एकेक बरणी पुसत होता. आतल्या चिठ्ठ्या शाबूत होत्या. मॅडम त्या दिवशी त्याच्यासमोर रडल्या, आणि म्हणाल्या की या कपाटावर माझ्याइतकंच तुमचं नाव आहे. तेव्हापासून त्याने आणलेला मासा त्या डोळे मिटून घ्यायच्या.

त्याच पावसात आसपासचे डोंगर कुठे कुठे बसले, ते या तालुक्यांत कुणाला सांगायला नको. श्रीपतची वाडी वाचली. आंबेटेंब तिचं नाव. पोलादपूरहून उमरठच्या अंगाने वर चढत गेलं की डोंगराच्या पोटाशी टेकलेली नऊ घरं. पायथ्याला पऱ्या, पऱ्यापलीकडे मोकळा माळ. श्रीपतचा थोरला भाऊ सदू तिथे राहायचा, आई बनुबाईही त्याच्याकडेच. सदूने मुंबईत बावीस वर्षं काढली आणि गेल्या हिवाळ्यात वाडीतलं पहिलं स्लॅबचं घर बांधलं. जोत्याला जागा हवी म्हणून जेसीबी आणून मागचा डोंगर दोन पुरुष उंचीचा उभा कापला. लोक म्हणाले होते की एवढा नको कापूस. सदू म्हणाला की तुमची घरं पन्नास वर्षं टेकून हायत, त्याला काय झालं.

जूनमधल्या एका शनिवारी श्रीपत गावी गेला तेव्हा सदूने त्याला घरातसुद्धा न नेता सरळ मागच्या गोठ्यात नेलं. गोठ्याच्या मागच्या कडेला, जिथे डोंगराची कापलेली भिंत जमिनीला टेकते, तिथे हाताच्या मनगटाएवढा झरा फुटला होता. पाणी बर्फासारखं गार. मे महिन्यात तिथे ठणठणाट होता. सदूने बादलीवरचं घमेलं उचललं.

आत करंगळीएवढा मासा होता. पांढराही म्हणता येणार नाही, कातडीखालचं लाल दिसावं इतका बिनरंगाचा. तोंडाशी लांब मिशा. डोळे असायच्या जागी नुसती सपाट कातडी. तो पोहत नव्हता, बादलीच्या तळाशी डोकं खुपसून फिरत होता, पुन्हा पुन्हा, खाली जायला वाट शोधल्यासारखा. हा मासा त्याने कधी पाहिला नव्हता, पण ओळखला मात्र लगेच. आंबेटेंबात जन्मलेल्या कुणीही ओळखला असता.

त्याला आंधळी म्हणतात. वाडीची माशांची विभागणी मॅडमपेक्षा जुनी आणि सुटसुटीत आहे. चढणीचा मासा, कोंडीतला मासा, दगडाचा मासा, आणि आंधळी, म्हणजे डोंगराच्या पोटातली. आंधळी कुणी धरत नाही, ती निघते. आणि निघाली की डोंगर खचणार असं मानतात, म्हणून रीत ठरलेली. ज्याच्या जागेत निघाली त्याने ती पितळेच्या वाटीत घेऊन दारोदार जायचं आणि आपल्या तोंडाने सांगायचं, माझ्याइथे निघाली. मग सगळ्या वाडीने पऱ्या ओलांडून माळावर जायचं ते नारळी पौर्णिमेपर्यंत. दुसऱ्याने सांगून चालत नाही. ज्याची जागा, त्यानेच नाव घ्यायचं.

शेवटची निघाली ती प्रयागबाईच्या लहानपणी. प्रयागबाई आता नव्वदीला टेकलेली. त्या वर्षी वाडी माळावर गेली, दोन महिने भिजली, कणग्यांतल्या भाताला मोड आले, एक तान्हं पोर तापाने गेलं, आणि डोंगर होता तसाच उभा राहिला. ज्याच्या घरी आंधळी निघाली होती त्याला लोकांनी जन्मभर टोमणे मारले. त्याच्या नातवंडांनासुद्धा अजून आंधळ्याची म्हणतात.

सदूचं म्हणणं सरळ होतं. घराची वास्तुशांत होऊन महिना झाला नाही. आता वाटी घेऊन दारोदार गेलो तर पहिलं वाक्य हेच ऐकायचं, की तू डोंगर कापलास. "मी माजं नाव असं घ्यायचं नाय," तो म्हणाला. "तू ह्याला पऱ्यात सोड नायतर मारून टाक. पन वाडीत बोलू नको. आयेची शपथ हाय तुला."

श्रीपतने शपथ घेतली. भावाची कीव आली, आणि खरं सांगायचं तर आतून त्याला आनंदही झाला होता. अकरा वर्षांत मॅडमना असा मासा मिळाला नव्हता. तो पऱ्यात सोडायला त्याचे हात धजेनात. त्याने पाण्याच्या बाटलीत मासा घेतला, वर फडकं गुंडाळलं आणि सोमवारी सकाळी प्रयोगशाळेत टेबलावर ठेवला.

मॅडमनी आधी भिंग काढून माशाच्या डोळ्यांची जागा पाहिली. मग नेहमीप्रमाणे त्यांनी विचारलं, कुठे मिळाला. आंबेटेंब म्हणावं तर मॅडम त्याच दिवशी गाडी काढून तिथे जाणार आणि वाडीभर विचारत सुटणार, हे श्रीपतला ठाऊक होतं. त्याची सासुरवाडी महाडजवळच्या सव गावी. तिथल्या वाटेवर, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या अलीकडे, एका पडीक बागेत जुनी विहीर आहे, तीच डोळ्यांपुढे आली. तो म्हणाला, सवच्या विहिरीत. आणि आपल्या चांगल्या अक्षरात चिठ्ठी लिहिली. एवढं केलं की काम झालं, मासा मॅडमकडे आणि शब्द भावाकडे, असं त्याला वाटलं. दोन्ही दगडांवर पाय ठेवणाऱ्याला असंच वाटतं.

मासा दोन दिवस जगला. मग तो बरणीत गेला, आणि मॅडम मायक्रोस्कोपला चिकटल्या. शिंगटीच्या घराण्यात तो बसेना, काटे तसे नव्हते. वाघुराच्या घराण्यातही बसेना, श्वास घ्यायची आतली रचना वेगळी. फत्तरचाट्यांत तर नाहीच, छाती सपाट आणि गुळगुळीत. माशाच्या पराचा एक तुकडा कापून त्यांनी पुण्याला तपासायला पाठवला. एक दिवस चहा घेताना त्या म्हणाल्या की श्रीपत, हा कुणाचाच नाही, याला बहुतेक वेगळी फळी लागणार. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून श्रीपत अर्धा चहा तसाच ठेवून बरण्या पुसायला उठला.

पुढचं त्या सहज बोलल्या. असे मासे खडकाच्या आतल्या पाण्यात राहतात, उजेडात येतच नाहीत. केरळात विहिरी खणताना कधी सापडतात. पण सवची ती विहीर शंभर वर्षं जुनी. जुन्या जागी असा मासा नव्याने वर आला, तर आतली वाट बदलली असणार. खडक कुठेतरी उघडला असणार. त्यांनी भूगोलाच्या सरांना विचारलं, सरांनी विहीर पाहिली, विहिरीवरचा उतार पाहिला, उताराखालची आठ घरं पाहिली, आणि सरांचं तोंड उतरलं.

आता श्रीपतने बोलायला हवं होतं. बोलला नाही. आठवडाभर मॅडम सवच्या त्या विहिरीत जाळी टाकत होत्या, बाटल्या सोडत होत्या, आणि दोर धरायला श्रीपतच उभा असायचा. ज्या विहिरीत काही नाही हे त्याला ठाऊक होतं, तिच्यात वाकून तो रोज बघायचा. जुलैतल्या पावसाच्या पहिल्या जोरात मॅडमनी ओळखीच्या एका अधिकाऱ्याला गळ घालून ती आठ घरं शाळेत हलवली. चार दिवस मुसळधार पाऊस झाला. उतार ढिम्म हलला नाही. माणसं परत आली तर उंदरांनी तांदूळ खाल्लेला आणि एकाच्या कोंबड्या मुंगसाने नेलेल्या. त्यांनी मॅडमना तोंडावर काही म्हटलं नाही, पण मागून मासेवाली बाई हे नाव पडलं ते पडलंच. अधिकारी हसून म्हणाला की मॅडम, पुढच्या वेळी मासा नीट विचारून घ्या.

श्रीपतची झोप तेव्हाच उडाली. मग सदूचा फोन आला. झऱ्याचं पाणी दोन दिवस तांबडं आलं, म्हणाला, आणि आज सकाळपासून बंदच झालं. गोठा कोरडा. "गेली पीडा," सदू म्हणाला, आणि बरेच दिवसांनी मोकळा हसला. जाता जाता सांगितलं की स्वयंपाकघराचं दार तेवढं लागत नाय, लाकूड फुगलं असंल.

श्रीपतने फोन खिशात ठेवला आणि मॅडमच्या टेबलापाशी जाऊन आडून विचारलं. एखादा झरा फुटला आणि भर पावसात बंद झाला, तर ते चांगलं ना. मॅडमनी मान वर न करताच उत्तर दिलं. चांगलं कसं, पाणी आत येतंय तेवढंच येतंय, फक्त बाहेर पडायची वाट बुजली. डोंगर आतून भरत जातो. मग त्यांनी मान वर केली आणि विचारलं, कुठला झरा.

त्याने सगळं सांगितलं. मॅडम चिडतील, ओरडतील असं त्याला वाटलं होतं. त्यांनी नुसतं कपाटाकडे पाहिलं. सहा फळ्या, तीनशेच्या वर बरण्या, प्रत्येकीत त्याच अक्षरातली चिठ्ठी.

"बाकीच्या?" त्यांनी विचारलं.

"बाकी सगळं खरं हाय, मॅडम."

"ते मी आता कशावरून म्हणू, श्रीपत?"

अकरा वर्षांचं काम त्या एका प्रश्नात बुडालं, आणि ते दोघांनाही कळलं. श्रीपतला वाटलं की यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं. पण मॅडमनी फोन उचलला. अधिकारी या वेळी हसला नाही, कंटाळला. मागच्या पंधरवड्यात सव होतं, आता आंबेटेंब, आणि मासा तोच. उद्या-परवा माणूस पाठवून बघतो, म्हणाला. मॅडमनी फोन ठेवला, बरणीचं झाकण काढलं आणि कोरा कागद पुढे सरकवला. श्रीपतने दुसरी चिठ्ठी लिहिली: आंबेटेंब, गोठ्यातला झरा, धरणारा श्रीपत उतेकर. पहिली काढू का, असं त्याने विचारलं. मॅडम म्हणाल्या, नाही. मग बरणी फडक्यात बांधून त्यांनीच त्याच्या हातात दिली. तुमची माणसं कागदावर नसतील ऐकत, माशावर ऐकतील, असं त्यांना वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो वाडीत पोहोचला. पाऊस थांबून थांबून पडत होता. वर चढताना त्याला दिसलं की सदूच्या मागच्या फणसाचा शेंडा घराकडे झुकलाय, आणि कापलेल्या भिंतीच्या वर गवतात एक काळी रेघ पडलीय, हात जाईल एवढी. त्याने सगळ्यांना देवळात बोलावलं. नऊ घरांची तीसेक माणसं जमली. सदू खांबाला टेकून मागे उभा राहिला.

श्रीपतने बरणी प्रयागबाईच्या मांडीवर ठेवली. म्हातारीने ती उजेडाकडे धरली आणि बराच वेळ पाहिली. "हीच ती," ती म्हणाली.

सदूच्या शेजारच्या घरातला हैबती चष्मा लावून पुढे आला. हैबती वाईट माणूस नव्हता, पण कागद दिसला की वाचल्याशिवाय राहत नसे. त्याने बरणी फिरवली आणि मोठ्याने वाचलं, सव, पडीक बागेतली विहीर. पुन्हा फिरवली आणि वाचलं, आंबेटेंब, गोठ्यातला झरा. "अक्षर येकच हाय," तो म्हणाला. "ह्यातलं खरं कुठलं रे, श्रीपत?"

"दुसरं."

"मग पयलं का लिवलंस?"

सवचं प्रकरण इथवर पोहोचलं होतंच. मासेवाल्या बाईने आठ घरं उगाच हलवली, तो हाच मासा, हे कुणीतरी मागून बोललं आणि दोन-तीन जण हसले. श्रीपतला शपथ आठवली. जिची शपथ घातली ती आई समोरच बसली होती. तरी त्याने सांगितलं, की मासा सदूदादाच्या गोठ्यात निघाला आणि सदूदादानेच गप्प राहायला लावलं. तिथून बोलणं त्याच्या हातात राहिलं नाही. प्रयागबाईने त्याला हाताने थांबवलं आणि सदूकडे वळली. रीत ती रीत.

"सदू, तुज्याइथं निघाली काय?"

सदूने एकवार सगळ्यांकडे पाहिलं. आपल्या स्लॅबच्या घराकडे पाहिलं. "नाय," तो म्हणाला. "माज्याइथं काय निघालं नाय."

म्हातारीने तेच तीनदा विचारलं, आणि तीनदा तेच उत्तर आलं. प्रयागबाईने बरणी परत दिली. ज्याची जागा त्याने नाव घेतलं नाही, मग जायचं कशाच्या जोरावर. माणसं चिखल तुडवत आपापल्या घरी गेली. श्रीपत आईला म्हणाला की तू तरी चल. बनुबाई म्हणाली की सदू सांगंल तसं. त्या रात्री श्रीपत देवळातच राहिला, भावाच्या घरात त्याला पाऊल टाकवेना.

सकाळी आठला तो पऱ्यावर तोंड धुवायला उतरला, तेव्हा पलीकडच्या रस्त्यावर गावची टमटम उभी होती. तीत सदू आईला बसवत होता. बायको आधीच बसली होती, मुलगी अंकिता मांडीवर पिशवी घेऊन. पिशवीतून देवांच्या टाकांची लाल थैली बाहेर आली होती. सदूने श्रीपतला पाहिलं आणि न विचारताच सांगितलं की आयेचा गुडघा दुखतो, पोलादपूरला दवाखान्यात दाखवायचाय. गुडघ्याच्या दवाखान्यात कुणी देव घेऊन जात नाही. टमटम गेली. सदू मान खाली घालून पऱ्यावरच्या पुलावरून परत वाडीत गेला.

श्रीपत धावला. बरणी देवळातच राहिली, आता तिची गरज नव्हती. दारोदार जाऊन तो एवढंच सांगत होता, की सदूने आपली माणसं काढली, देवासकट काढली. तीनशे चिठ्ठ्यांनी झालं नसतं ते या एका वाक्याने झालं. बायकांनी चुली तशाच टाकल्या. प्रयागबाईला नातवाने पाठुंगळी घेतलं. दुपारी बारापर्यंत घरं ओस पडली आणि माळावर ताडपत्र्या चढायला लागल्या. हैबती आणि त्याची बायको चंपाबाई सगळ्यांत शेवटी आली, कारण त्यांची म्हैस व्यायला झाली होती आणि ती उठेना.

सदू आला नव्हता. श्रीपत पऱ्या ओलांडून परत गेला. सदू आपल्या नव्या पडवीत खुर्ची टाकून बसला होता. मागे डोंगरातून बारीक माती सरकल्याचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता.

"दादा, चल."

"तीनदा नाय बोल्लो मी देवळात," सदू म्हणाला. "आता त्या माळावर कुठल्या तोंडानं येऊ?"

श्रीपतने त्याचा हात धरून ओढला, पाया पडला, शिव्या दिल्या. सदू बारा वर्षांनी मोठा आणि अंगाने दुप्पट. तो खुर्चीतून हलला नाही. शेवटी एवढंच म्हणाला की तू जा, संध्याकाळी अंधार पडला की येतो, कुणी बघणार नाय तेव्हा येतो. श्रीपतला त्या शब्दावर विश्वास ठेवायचा होता, म्हणून त्याने ठेवला.

माळावरून सदूची पडवी स्वच्छ दिसायची. खुर्चीत बसलेला सदूही दिसायचा. एक वाजला, दीड वाजला, पाऊस उघडला आणि ऊन पडलं. हैबती कितीतरी वेळ तिकडे बघत होता. मग उठून त्याने डोक्याला टॉवेल गुंडाळला. तो बसलाय की घरात निवांत, तो म्हणाला, तासाभरात आपल्याला काय होतंय, म्हशीला बघून येतो. चंपाबाई कासऱ्याला हात लावायला म्हणून त्याच्या मागून गेली. श्रीपत आडवा आला तेव्हा हैबतीने त्याला नुसतं वरपासून खालपर्यंत पाहिलं. दोन चिठ्ठ्या लिहिणाऱ्या माणसाचं कोण ऐकतो. त्याने वाट सोडली. ती वाट आपण का सोडली, हे तो पुढे स्वतःला रोज विचारणार होता.

अडीचच्या सुमाराला फणस आधी गेला. तो पडला नाही, उभाच्या उभा खाली आला. मग मागचा सगळा डोंगर चालायला लागला. आवाज मागाहून आला. माळावरची माणसं बघत राहिली, आणि बघता बघता स्लॅबचं घर, गोठा, हैबतीचं घर आणि त्यापुढची चार घरं यांच्या जागी नुसती ओली तांबडी माती होती, तिच्यातून वाफ निघत होती. मातीतून ठिकठिकाणी पाणी उसळत होतं. त्या पाण्यात अजून काही पांढरं वळवळत असेल तर ते पाहायला कुणी गेलं नाही.

हैबती आणि चंपाबाई तिसऱ्या दिवशी सापडली, आपल्या गोठ्याच्या दाराशी. सदू पाचव्या दिवशी सापडला. तो पडवीत नव्हता, हैबतीच्या भिंतीपाशी होता. हाक मारायला धावला असेल किंवा नुसता पळत सुटला असेल. सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

दिवाळीनंतर कॉलेज उघडलं. मॅडमनी आपला फत्तरचाट्यांवरचा निबंध परत मागवून घेतला होता. सगळे पऱ्ये पुन्हा चालायचे, सगळे मासे पुन्हा धरायचे, प्रत्येक ठिकाणी स्वतः उभं राहून चिठ्ठी स्वतः लिहायची, असं त्यांनी ठरवलं होतं. एक की तीन याला आणखी चार वर्षं लागतील. दोर धरायला मात्र तोच जायचा, आणि दोघांत पूर्वीसारखी बडबड होत नसे.

एका दुपारी त्यांनी आंधळीची बरणी टेबलावर ठेवली. पुण्याचं उत्तर आलं होतं. मासा कुठल्याच माहीत घराण्यातला नव्हता. आणि तो पुन्हा धरता येण्यासारखा नव्हता, कारण धरायची जागाच राहिली नव्हती. या एका माशाला तुमच्याच चिठ्ठीवर चालावं लागणार, मॅडम म्हणाल्या. म्हणून शेवटची एकदा लिहा, आणि या वेळी एकही अक्षर असं नको की जे तुम्हाला उद्या बदलावंसं वाटेल.

श्रीपतने पेन्सिलीला टोक काढलं. त्याला खूप वेळ लागला. आंबेटेंब, तालुका पोलादपूर. सदू उतेकरच्या गोठ्यातला झरा, डोंगर कापला तिथे. मग तारीख. मग शेवटची ओळ: धरणारा, सदाशिव धोंडू उतेकर.

मॅडमनी वाचलं. दुसऱ्या चिठ्ठीवर तुमचं नाव आहे, म्हणाल्या.

"पयला त्याच्या हाताला लागला," श्रीपत म्हणाला. "नाव त्यानं घ्यायचं व्हतं."

त्याने चिठ्ठी बरणीत सोडली. ती हळूहळू खाली गेली आणि पहिल्या दोन चिठ्ठ्यांच्या शेजारी, आंधळीच्या डोक्यापाशी टेकली. मग त्याने झाकण घट्ट लावलं आणि मॅडमनी रिकामी करून ठेवलेल्या सगळ्यांत खालच्या फळीवर ती एकटी बरणी ठेवून दिली.